पत्र्याच्या खोलीतील लिथियम बॅटरीचे चार्जिंग दुपारी बंद पडते. तापमान कसे आवरावे?

बेदाणाशेड_तासगाव (प्रश्न)

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग असून बागेलगतच बेदाण्याचे शेड आहे. शेडला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत मी २४ व्होल्टची, १०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली आहे. आठ सेल, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडल्यास चार्जिंग तोडणारे सर्किट), ४० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज मिळवणारा) चार्ज कंट्रोलर आणि छोटा इन्व्हर्टर असे सर्व साहित्य एकाच लोखंडी पेटीत आहे. पेटीला कुलूप लावता यावे आणि उंदरांनी वायरी कुरतडू नयेत, एवढाच त्यामागचा विचार होता. छपरावर ५४० वॉटचे दोन सोलर पॅनेल आहेत. रात्रीचे दिवे, कॅमेरे आणि राखणदाराच्या खोलीतील पंखा यांसाठी साधारण निम्मी बॅटरी खर्च होते.

हिवाळ्यात कोणतीही अडचण नव्हती. मार्चच्या अखेरीपासून मात्र दुपारी बाराच्या सुमारास बीएमएस चार्जिंग तोडतो. त्या वेळी मोबाइलवरील ॲपमध्ये ५० अंश सेल्सिअस तापमान दिसते आणि ते ४५ अंशांवर उतरल्याखेरीज चार्जिंग पुन्हा सुरू होत नाही. तोवर ऊन कललेले असते. ॲपमध्ये ही मर्यादा ६० अंशांपर्यंत वाढवण्याची सोय आहे. ती वाढवावी, पेटीला पंखे बसवावेत, की चार्जिंगचा करंट कमी करावा? करंट कमी केला तर दिवसभरात बॅटरी भरेल का, हीही शंका आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सोलरफिटर_विटा

दादा, मर्यादा निर्धास्तपणे ६० करा. आपली बॅटरी फॉस्फेटची आहे. स्कूटरमधील निकेलच्या बॅटरीसारखी ती पेट घेत नाही. आमच्या भागातील पुष्कळ ग्राहकांना मी हीच सेटिंग करून दिलेली आहे आणि अद्याप कोणाची तक्रार आलेली नाही.

विद्युतशिक्षिका_मिरज

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण आगीपुरते मर्यादित नाही. फॉस्फेटचे रसायन निकेल-मँगनीज-कोबाल्टपेक्षा उष्णतेला अधिक स्थिर असते हे खरे. परंतु आतील द्रावण ज्वलनशीलच असते आणि सेल अतितप्त होऊन फुटला तर बाहेर पडणाऱ्या वायूंत हायड्रोजनही असतो. तो भाग बाजूला ठेवला तरी आयुष्याचा प्रश्न उरतोच. सेलमधील ग्राफाइटवर जो संरक्षक थर असतो, तो उष्णतेत जाड होत जातो आणि त्यासाठी लागणारे लिथियम बॅटरीच्या उपयुक्त साठ्यातून कायमचे वजा होते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा प्रक्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ढोबळ नियम सांगितला जातो. तक्रार आज येत नाही याचा अर्थ झीज होत नाही असा नव्हे. ती क्षमतेच्या घटीच्या रूपाने काही उन्हाळ्यांनंतर समोर येते, आणि तोपर्यंत सेटिंग कोणी बदलली होती हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. सेलसोबत आलेले तांत्रिक पत्रक पाहावे. चार्जिंगची कमाल मर्यादा बहुधा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान दिलेली असते. बीएमएसची मर्यादा त्या आकड्याच्या वर कधीही नेऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उष्णता नेमकी कोठून येते, हे ठरवल्याशिवाय पंखा घ्यावा की करंट कमी करावा हे सांगता येणार नाही. आपल्या आकारमानाच्या बॅटरीत आठ सेल, बसबार (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि जोड मिळून अंतर्गत रोध आठ मिलिओहमच्या आसपास धरू. ४० अँपिअर करंट असताना त्यातून सुमारे १३ वॉट उष्णता निर्माण होते, आणि २० अँपिअर असताना जेमतेम ३ वॉट, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आठ सेलचे वजन १६ ते १८ किलो असेल आणि एक किलो सेल एका अंशाने तापवण्यासाठी साधारण एक किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १३ वॉटमुळे, थोडीही उष्णता बाहेर गेली नाही असे मानले तरी, तासाला अडीच-पावणेतीन अंशांपेक्षा अधिक वाढ होणार नाही.

याउलट त्याच पेटीत बसलेल्या एमपीपीटीचा विचार करावा. हजार वॉटचे रूपांतर करताना त्यातील तीन-चार टक्के जरी वाया गेले, तरी ३० ते ४० वॉट उष्णता त्याच्या धातूच्या पंखांमधून (हीटसिंकमधून) थेट पेटीतील हवेत सुटते. इन्व्हर्टरची भर वेगळीच. बंद लोखंडी पेटीत हा कंट्रोलर बॅटरीपेक्षा मोठी शेगडी ठरतो. त्यावर माथ्यावरचा पत्रा, जो एप्रिलच्या उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि खाली उष्णता फेकत राहतो.

म्हणून आपण तीन गोष्टी तपासून येथे लिहाव्यात. ॲपमधील ५० अंश हे सेलवरील सेन्सरचे आहेत की बीएमएसच्या मॉस्फेटचे (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे)? बऱ्याच ॲपमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात. सेन्सर नेमका कोठे चिकटवला आहे? आणि एक दिवस पॅनेलचा आयसोलेटर (जोडणी तोडणारा स्विच) बंद ठेवून, म्हणजे अजिबात चार्जिंग न करता, दुपारी दोन वाजता सेलचे तापमान किती होते ते पाहावे. नुसत्या खोलीमुळे किती वाढ होते आणि चार्जिंगमुळे किती, हे त्या एका नोंदीवरून वेगळे करता येईल.

लेडॲसिड_फलटण

मॅडमच्या विवेचनात एका मुद्द्याची भर घालतो. माझ्याकडे पाण्याच्या ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. तेथे तापमानाचे नियंत्रण व्होल्टेजमार्फतच केले जाते: २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला दर सेलमागे सुमारे ४ मिलिव्होल्ट चार्जिंग व्होल्टेज कमी करायचे असते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे अंशाला २४ मिलिव्होल्ट. बॅटरीचे तापमान ४२ अंश असेल तर १४.४ ऐवजी १४.० व्होल्ट पुरतात. ही कपात केली नाही तर उन्हाळ्यात बॅटरी उकळल्यासारखी वायू सोडते, पाणी झपाट्याने घटते आणि प्लेटा गंजतात. आमच्याकडे मे महिन्यात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन एकदम खपतात, त्यामागे पुष्कळदा हे एवढेच कारण असते.

मुद्दा असा की बाजारातील बरेच चार्ज कंट्रोलर मुळात लेड-ॲसिडसाठी बनवलेले असतात आणि त्यांच्यात ही कपात आपोआप चालू असते. लिथियमला ती लागू नाही. आपल्या कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये तापमान-भरपाई, म्हणजे हीच कपात, शून्य आहे का, हे पाहून घ्यावे. २४ व्होल्टच्या लेड-ॲसिड सेटिंगवर कंट्रोलर ४५ अंश वाचत असेल तर तो जवळपास एक व्होल्ट कमी देईल, म्हणजे आपण २८.० ठरवले असताना प्रत्यक्षात २७ च्या आसपास मिळतील आणि चार्जिंग उगाच रेंगाळेल.

बेदाणाशेड_तासगाव

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली.

५० अंश हे सेलवरील सेन्सरचेच आहेत. मॉस्फेटचा आकडा वेगळा असून तो त्याहूनही थोडा वर असतो. सेन्सर मधल्या दोन सेलच्या माथ्यावर, बसबारला जवळजवळ टेकून चिकटवलेला आढळला. पॅनेल बंद ठेवलेल्या दिवशी दुपारी दोन वाजता सेल ४२ अंशांवर होते आणि खोलीतील हवा ४४ अंशांवर. सकाळी सात वाजता, म्हणजे चार्जिंग सुरू होण्यापूर्वीच, सेल ३३ अंशांवर असतात, याचे मला आश्चर्य वाटले, कारण त्या वेळी बाहेर बऱ्यापैकी गार असते. कंट्रोलरमधील तापमान-भरपाई खरोखरच चालू होती. ती शून्य केली आहे.

आणखी एक माहिती द्यायची राहिली. बेदाण्याच्या हंगामात शेजारच्या शेडमध्ये गंधकाची धुरी दिली जाते. पंखा बसवायचा झाल्यास त्याची हवा त्याच बाजूने येईल.

हरिपूरकर

जमिनीखाली तापमान स्थिर असते. आमच्या गावात हळद साठवण्यासाठी पेवे असत, तसा एखादा खड्डा काढून बॅटरी त्यात ठेवली तर उन्हाचा प्रश्नच मिटणार नाही का?

विद्युतशिक्षिका_मिरज

हरिपूरकर, कल्पना आकर्षक असली तरी बॅटरीसाठी खड्डा नको. पावसाळ्यात त्यात पाणी झिरपते, ओलाव्याने जोड गंजतात, बिघाड झाल्यास वायू साचून राहतो आणि दुरुस्तीसाठी माणसाला कोंदट जागेत उतरावे लागते. कृष्णाकाठच्या मंडळींनी तर २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिल्यानंतर बॅटरी जमिनीच्या पातळीवरही ठेवू नये, असे माझे मत आहे.

बेदाणाशेड, आपल्या नोंदी अतिशय उपयोगी आहेत. चार्जिंग नसताना ४२ आणि असताना ५०, म्हणजे चार्जिंगच्या वेळची वाढ आठ अंशांची आहे. सेलच्या स्वतःच्या उष्णतेने इतकी वाढ होणे कठीण. त्यातील मोठा वाटा कंट्रोलर आणि इन्व्हर्टर यांचा असावा. म्हणून ही दोन्ही उपकरणे पेटीतून काढून बाहेरच्या भिंतीवर, शक्य असेल तर खोलीबाहेर सावलीत, उभी बसवावीत. कंट्रोलरच्या पंखांमधून हवा खालून वर वाहिली पाहिजे. यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागत नाही, म्हणून हे काम सर्वांत आधी करावे.

आता सकाळच्या ३३ अंशांविषयी, कारण मला तीच नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते. सोळा-सतरा किलोचा हा ठोकळा दिवसभर तापतो आणि बंद पेटीमुळे रात्री त्याला निवायला वाव मिळत नाही. बाहेर पहाटे २३-२४ अंश असताना तो ३३ वर अडकून पडतो. तोच २६ अंशांपर्यंत निवला, तर दुसऱ्या दिवशी ५० च्या मर्यादेपर्यंत जायला त्याला सात अंशांची जादा उसंत मिळेल. पंखा बसवायचाच असेल तर तो रात्री चालवावा. दुपारी खोलीतील हवा ४४ आणि सेल ४० अंशांवर असताना पंखा लावणे म्हणजे बॅटरीवर गरम वारा सोडणे होय. लोक नेमके उलट करतात: पंखा दुपारी लावतात आणि रात्री काटकसर म्हणून बंद करतात. २४ व्होल्टचा तीन वॉटचा छोटा पंखा रात्री दहा ते सकाळी सहा चालला, तर जेमतेम एक अँपिअर-अवर खर्च होतो. साधा टायमर पुरेसा आहे. बाहेरची हवा सेलपेक्षा गार असेल तेव्हाच पंखा चालू करणारी, दोन सेन्सरची तुलना करणारी नियंत्रणेही मिळतात. ती उत्तम, पण अत्यावश्यक नाहीत.

गंधकाचा मुद्दा आपण सांगितलात हे फार बरे झाले. सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होते आणि तांब्याच्या बसबारवर, टर्मिनलवर आणि बीएमएसच्या सर्किटच्या पाटीवर त्याचा परिणाम होतो. हवा घेण्याचा झरोका शेडच्या विरुद्ध बाजूला काढावा आणि धुरी चालू असलेल्या रात्री पंखा बंद ठेवावा. झरोक्यावर बारीक जाळी बसवली की उंदरांचाही बंदोबस्त होतो.

सोलरफिटर_विटा

मॅडमचा रात्रीच्या पंख्याचा मुद्दा मला पटला. करंटविषयी मात्र प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावरून लिहितो, कारण प्रश्नकर्त्यांची ती शंका तशीच राहिली आहे.

रोज निम्मी बॅटरी खर्च होते, म्हणजे ५० अँपिअर-अवर भरायचे आहेत. कंट्रोलरमध्ये कमाल चार्जिंग करंट २० अँपिअर ठेवला तरी एप्रिलच्या स्वच्छ उन्हात ते काम दुपारी बाराच्या आत संपते. सकाळी आठ-नऊ वाजता या पॅनेलमधून तसेही १२ ते २० अँपिअरच मिळत असतात. दोन्ही पॅनेल किंचित पूर्वेकडे झुकवता आले तर काम आणखी लवकर उरकेल. उन्हाळ्यापुरते हे करून जूनमध्ये पुन्हा पूर्ववत करावे, कारण पावसाळी ढगांत जेव्हा जेवढे मिळेल तेवढे घ्यावे लागते.

चार्जिंग संपल्यानंतर बॅटरीला १०० टक्क्यांवर दाबून धरू नये. पूर्ण भरलेली स्थिती आणि उष्णता हे दोन्ही एकत्र आले की लिथियमचे नुकसान सर्वाधिक होते. २९.२ व्होल्टपर्यंत जाण्याची गरज नाही, २७.६ ते २८.० व्होल्टला चार्जिंग थांबवावे आणि फ्लोट (भरल्यानंतर राखायचे व्होल्टेज) २६.८ च्या वर ठेवू नये. अधूनमधून सेल समतोल होण्यासाठी पूर्ण चार्ज द्यावा लागतो, तो पहाटेच्या गारव्यानंतरच्या सकाळी द्यावा.

सेन्सर बसबारला टेकलेला आहे हे वाचून एक शंका येते. एखादा नट सैल असेल तर तेथे स्थानिक उष्णता निर्माण होते आणि सेन्सर तीच वाचतो. एका जोडात नुसता एक मिलिओहम रोध वाढला तरी ४० अँपिअरला दीड वॉटहून अधिक उष्णता एकाच बिंदूवर साठते. पॅनेल व लोड दोन्ही बंद करून, टेप गुंडाळलेल्या पान्याने, सेल बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोरानुसार) सर्व नट तपासावेत. इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहणार असाल तर चकचकीत बसबारवर तो खोटे, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो. आधी तेथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी आणि त्या टेपवर मोजावे.

होमस्टे_महाबळेश्वर

आमचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे, म्हणून येथेच विचारतो. वेण्णा तलावाच्या बाजूला बागेतील दिव्यांसाठी अशीच बॅटरी उघड्यावरच्या पेटीत आहे. डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठतात अशा सकाळी बीएमएस चार्जिंग घेत नाही. हवेचे तापमान तर शून्याच्या बरेच वर असते. मग असे का व्हावे?

विद्युतशिक्षिका_मिरज

निरभ्र रात्री उघड्यावरची पृष्ठे आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतात. तलावाकाठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात ते त्यामुळेच, आणि आपल्या पेटीच्या झाकणाचेही तेच होते. बीएमएस योग्यच वागत आहे, त्याची खालची मर्यादा बदलू नये. शून्याच्या खाली चार्जिंग केल्यास लिथियम ग्राफाइटच्या आत वेळेवर शिरू शकत नाही आणि धातूच्या रूपात बाहेरच साचते. ते नुकसान भरून येत नाही. पेटीवर थोडी पोकळी सोडून दुसरे छप्पर घालावे किंवा ती ओसरीखाली हलवावी, एवढ्यानेच बहुतेक काम भागेल. दहा अंशांच्या खाली करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतकाच ठेवावा. फलटणकरांनी सांगितलेली तापमान-भरपाई आपल्याकडेही चालू असेल तर ती आधी बंद करावी, कारण थंडीत ती व्होल्टेज उलट वाढवते: ५ अंशांना २८.० चे जवळपास २९ होतात.

बेदाणाशेड_तासगाव

कंट्रोलर आणि इन्व्हर्टर बाहेरच्या उत्तरेकडील भिंतीवर हलवले, करंट २० वर आणला, रात्रीचा पंखा टायमरवर लावला आणि पत्र्याला वरून चुना मारला. एक नट खरोखरच सैल सापडला. आता सकाळी सेल २७ अंशांवर असतात, अकराच्या पुढे-मागे चार्जिंग पूर्ण होते आणि दुपारचा सर्वाधिक आकडा ४१ च्या आसपास राहतो. मर्यादा ५० वरच ठेवली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. शेजारी सुचवतात की पत्र्यावर उसाचे पाचट अंथरले तर खोली आणखी गार राहील. तसेच सेन्सर बसबारपासून हलवून कोठे लावावा, आणि तो तुटल्यास बाजारातून कोणता आणावा?

सोलरफिटर_विटा

गोठ्यावर पाचट ठीक आहे, बॅटरीच्या खोलीवर नको. वाळलेले पाचट एका ठिणगीला पुरते. त्याऐवजी पत्र्याच्या खाली वीतभर पोकळी सोडून सिमेंटच्या शीटचे छत घ्यावे आणि ती पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवावी.

सेन्सर मधल्या सेलच्या रुंद बाजूवर, दोन सेलच्या फटीत, मध्यावर लावावा. कडेचे सेल नेहमी गार असतात, त्यामुळे तेथील आकडा फसवा असतो. बहुतेक बीएमएसला २५ अंशांना १० किलोओहमचा एनटीसी (तापमान वाढले की रोध घटणारा सेन्सर) लागतो, परंतु त्याचा बी-अंक (तापमानानुसार रोध किती बदलतो हे सांगणारा अंक) जुळला पाहिजे. ३४३५ बी-अंकाचा सेन्सर ४५ अंशांना सुमारे ४.८५ किलोओहम दाखवतो, तर ३९५० चा सुमारे ४.३५. ३४३५ अपेक्षित असलेल्या बीएमएसला ३९५० चा सेन्सर जोडला तर तो तीन अंश जास्त वाचतो आणि चार्जिंग विनाकारण लवकर तोडतो. याउलट ३९५० अपेक्षित असताना ३४३५ चा जोडला तर जवळपास तेवढेच कमी वाचतो, आणि ते अधिक वाईट. बदलताना बीएमएसच्या माहितीपत्रकातील अंक दुकानदाराला दाखवावा. इन्व्हर्टर बाहेर हलवल्याने त्याची केबल लांबली असेल तर ती जाडीने वाढवावी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलला लागूनच ठेवावा, इन्व्हर्टरच्या टोकाला नव्हे.